बोगद्यातली हजेरी

३ मार्च
आले एकदाची! चार तास खेचरावर बसून कंबरेचा पार भुगा झाला, पण अग्वाफ्रिया गाव दिसलं आणि शीण पळाला. ओतीलिया मावशींनी दारातच गुळाचं पाणी आणि गरम आरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, हातात ठेवली. मुक्काम त्यांच्याकडेच. गावात सोनं खणणारी चाळीस घरं. डोंगरावर बंदूकवाले, त्यांना ही खाण हवी. मावशींच्या मुलाला, विल्फ्रानला, दोन धमक्या आल्यात, म्हणून चर्चनं मला धाडलं. आमचं निळं जॅकेट म्हणजे बाहेरचा साक्षीदार; ते गावात असलं की सहसा गोळी सुटत नाही. विल्फ्रान म्हणाला, ही एदिल्मा पाद्रीणबाई गोळी अडवणार? हिला तर वाराच उडवून नेईल! आगाऊ आहे. मला आवडला.

५ मार्च
खाणीच्या बोगद्यात शिरण्याआधी रोज सकाळी सातला मारल्या गेलेल्यांची नावं वहीतून वाचतात. प्रत्येक नावाला सगळे मिळून म्हणतात, हजर! वाचायचा मान मला दिला. अकरा नावं. वाचताना रडू आलं.

८ मार्च
माझा मूर्खपणा. धमक्या आलेल्यांची यादी त्याच वहीत, पुढच्या पानावर. वाऱ्यानं पान उलटलं आणि मी वाचून मोकळी झाले: विल्फ्रान. तो शेजारीच उभा. कुणी हूं की चूं केलं नाही. उत्तर रिकाम्या बोगद्यातून आलं. एकच आवाज. हजर.

विल्फ्रान हसून म्हणाला, प्रतिध्वनी असेल, पाद्रीणबाई. कशाचा? कुणी बोललंच नव्हतं. मावशी दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

१० मार्च
विल्फ्रान सकाळी आत गेला, बाहेर आलाच नाही. बोगद्याला तोंड एकच, लांबी साठ पावलं. सगळा धुंडाळला. त्याचा दिवा सापडला, जळत होता. बंदूकवाले फिरकलेही नव्हते. वर कळवायच्या कागदात एक रकाना असतो: कोणी नेलं? तासभर बघत बसले. काय लिहू? माझं नाव?

१२ मार्च
आता वाचणार नाही म्हटलं. मावशींनी पाय धरले. वाच गं पोरी, तेवढा तरी आवाज ऐकू दे त्याचा. वाचलं. आतून त्यानंच उत्तर दिलं. मावशी हसल्या. ते हसू मला बघवे—

१३ मार्च
वही उघडलीच नाही. नावं आतून यायला लागली. विल्फ्रानच्या आवाजात. पहिलं, ओतीलिया. मावशी आनंदानं ओरडल्या, हजर! मी धरलं, फरफटत गेले— हातात नुसती शाल—

१४
काल नऊ जण चालत आत गेले. बाकीचे खेचरं घेऊन पळाले. मला म्हणाले, चल. कशी जाऊ? माझ्याच तोंडून गेला तो—

सात वाजले.

माझं नाव. किती मायेनं हाक मारतोय— डाव्या हातानं तोंड गच्च दाबलंय. नाही बोलणार. उजवा हात लिहितोय— मी नाही, हातच—

हज