दोन बोटं समास

३ मार्च

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

अर्जाचा कच्चा मसुदा सोबत पाठवते आहे. तुम्ही शिकवल्याप्रमाणे डावीकडे दोन बोटं समास सोडलाय आणि शंका पेन्सिलीने तिथेच लिहिल्यात. आई म्हणते, माझं लग्न ठरलं तर पत्रिकासुद्धा मी आधी मामाकडे तपासायला पाठवीन.

माझी अशील कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतते. नवरा सहा वर्षांच्या मुलीला आठ दिवसांसाठी म्हणून सीमेपलीकडे, तुमच्या शहरात घेऊन गेला, त्याला सात महिने झाले. मुलगी आईकडे द्यावी असा आमच्या कोर्टाचा हुकूम आहे. पण तो तुमच्याकडे चालत नाही. तुमच्या कोर्टाने तो मान्य करायला हवा, आणि तिथे आमच्या वतीने तुम्ही उभे राहणार, म्हणून मी निर्धास्त आहे. मुलीची शाळा आता कळली आहे. नवऱ्याला सुगावा लागायच्या आत हुकूम शाळेत पोचला पाहिजे, नाहीतर तो तिला घेऊन पुन्हा नाहीसा होईल.

तिसऱ्या पानाच्या समासात एक नाजूक गोष्ट आहे. मुलगी तान्ही असताना बाई तीन महिने इस्पितळात होती, मन ठिकाणावर नव्हतं. नवरा तेव्हा परगावी होता, त्यालाही हे ठाऊक नाही. तिने फक्त मला सांगितलं. अर्जात घालावं का? मी चारदा लिहिलं, चारदा खोडलं.

तुमच्या लेकाला, आमच्या दादाला, नव्या वकिली ऑफिसबद्दल शाबासकी द्या. मामींना नमस्कार. चुका खुशाल काढाव्यात, लोभ मात्र कमी करू नये.

तुमची,
काळजीबाई

१२ मार्च

चि. काळजीबाई हीस,
अनेक आशीर्वाद.

मसुदा पोचला. पत्रिका जरूर पाठव, नवरामुलगाही तपासून देतो. शाळेचं कलम ठीक. इस्पितळाचं गाळ. समोरच्याच्या हाती आपणहून काठी कशाला द्यायची? अर्ज दाखल व्हायला थोडे दिवस लागतील, इथे कोर्टात गर्दी फार. घाई करू नकोस.

दादाच्या ऑफिसला सगळी काचेची दारं. मी दोनदा आपटलो. त्याला पहिलंच मोठं प्रकरण मिळालंय, नीट पार पडलं तर भागीदार करून घेतील म्हणतात. संध्याकाळी आमच्याच टेबलावर कागद पसरून बसतो. मामी ओरडते, जेवायचं कुठे?

प्रकृतीला जप. आठवण ठेवतेस, तशीच ठेवावी.

मामा

२ एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बेलिफ शाळेत गेला तेव्हा मुलीचा बाक रिकामा होता. चार दिवस आधीच तिचं नाव काढून नेलं होतं.

काल नवऱ्याचं उत्तर आलं. पहिल्याच परिच्छेदात इस्पितळ आणि तीन महिने. खाली वकिलाची सही दादाची आहे.

मी आधी स्वतःवर संशय घेतला. कपाट उपसलं, टाइपिस्टबाईंना तीनतीनदा विचारून रडवलं. पण ती पेन्सिलीची ओळ तुम्हाला पाठवलेल्या एका प्रतीशिवाय कुठेच नव्हती.

मामा, तुम्हाला माहीत नव्हतं, एवढंच लिहा. मी विश्वास ठेवीन.

तुमचीच,
काळजीबाई

९ एप्रिल

चि. काळजीबाई हीस,
आशीर्वाद.

तुझ्या मसुद्यातलं एक अक्षरही मी दादाला वाचून दाखवलेलं नाही. प्रकरण त्याच्याकडे आहे, हे मला तुझा मसुदा यायच्या दोन दिवस आधी कळलं होतं. कागद टेबलावर होता आणि मी फिरायला गेलो, इतकंच.

त्याची चाळिशी आली. दोन ऑफिसांनी त्याला नारळ दिलाय, तुला ठाऊक आहे. तुला पुढे पुष्कळ प्रकरणं मिळतील. मुलगी बापाकडेच आहे, परक्याकडे नाही. घरातलं घरात राहू दे. तुझ्या आईला कळवू नकोस, तिचं ब्लडप्रेशर वाढेल.

रागावू नकोस.

मामा

१७ एप्रिल

मामांस,
नमस्कार.

आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत बसली.

सुट्टीत तुमच्याकडे यायची तेव्हा मी तुमच्या टेबलाखाली बसून कागदांवर पानांचे आकडे घालायची. चहाला उठायचं तरी मसुदा कुलपात ठेवायचा, हे तिथेच शिकले. टेबलावर कागद उघडा टाकून तुम्ही आयुष्यात कधी फिरायला गेला नाहीत.

काल अशिलाला बोलावून सांगितलं. तिने विचारलं, इस्पितळाचं त्यांना कुणी सांगितलं. मी म्हटलं, मी. ती म्हणाली, कुणाला सांगणार नाही म्हणाला होतात. खरंच म्हणाले होते. मामाला सांगणं म्हणजे कुणाला तरी सांगणं, असं मला कधी वाटलंच नव्हतं. तिने वकीलपत्र काढून घेतलं. इथे आणि तुमच्याकडे, दोन्हीकडे आता तिचे दुसरे वकील आहेत. तिच्या पिशवीत मुलीसाठी बेतलेला फ्रॉक होता. खाली चार बोटं दुमड ठेवली होती. मुलगी किती उंच झाली असेल, तिला सांगता येत नाही.

दोन्ही कोर्टांत मी प्रतिज्ञापत्र दिलं आहे. आधी माझी चूक लिहिली आहे, मागे तुमचं नऊ तारखेचं पत्र जोडलं आहे. माझी सनद राहील की जाईल, माहीत नाही. तारीख पाच मेची आहे. तुम्हाला आणि दादाला हजर राहावं लागेल.

प्रत सोबत आहे. तपासायला नाही, माहितीसाठी. समास सोडलेला नाही.

तुमची भाची