माक सोमच्या घरामागची जाळरेषा

८ फेब्रुवारी १९९८, क्लेमेंटी
पोहोचले एकदाची! मधुमतीकाकूंनी खोली लख्ख ठेवलीय, आणि अकराव्या मजल्यावर वारा नुसता भणाणतो. काका जहाजावर असतात, म्हणून काकूंना सोबत हवी होती आणि मला वरणभात. माझं काम पुलाउ उबीन बेटावर. सुकलेलं गवत, पालापाचोळा काढून घरांभोवती दहा पावलं रुंद जाळरेषा आखायची, म्हणजे रानात वणवा लागला तरी घरांपर्यंत पोचत नाही.

१२ फेब्रुवारी
चांगीच्या धक्क्यावरून बमबोटीने, म्हणजे छोट्या मोटारबोटीने, उबीनला. पावसाचा थेंब नाही. रबराची गळलेली पानं पायाखाली कुरकुरतात. गावकरी आपापले कोयते घेऊन आले. शेवटचं घर एकट्या म्हातारीचं. सगळे तिला माक सोम म्हणतात. माक म्हणजे आई. घरामागे छातीएवढं लालांग गवत. तिने मला शहाळं दिलं आणि नावाड्याकरवी विचारलं, मागची बाजू कधी करणार? तिला आता कोयता पेलवत नाही. उद्या, मी म्हणाले.

२० फेब्रुवारी
ऊन असह्य. अहवाल आज द्यायचा होता आणि तेवढं माक सोमचं घर राहिलेलं. ‘सर्व पूर्ण’ लिहिलं, शेजारच्या घराचा फोटो लावला. सोमवारी जाऊन करून टाकीन.

२४ फेब्रुवारी
काल गेले नाही, डोकं दुखत होतं. काल दुपारीच वणवा लागला. एकच घर जळलं. माक सोम आत होती.
आमचे वरिष्ठ प्रकाश सर, त्यांनी विचारलं, रेषा असताना आग पोचली कशी? मी म्हणाले, तिनेच कचरा पेटवला असेल. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

२ मार्च
बुटांत लालांगची पाती. काकू वैतागल्या, बेटावरून घाण आणतेस म्हणून. आठवडाभर मी बेटावर गेलेलीच नाही.

५ मार्च
भर दुपारी खोलीबाहेर खराट्याचा आवाज. दार उघडलं. कोणी नाही. उंबऱ्याशी रबराची पानं, नीट ओढून लावलेली. केरात टाकून आले, तर पलंगाभोवती तशीच रांग.

७ मार्च
सरांना खरं काय ते लिहायला बसले. पहिल्या ओळीलाच खराटा थांबला. तासभर इतकं शांत, की वाटलं, सगळे भासच. आणि खरं कळलं तर नोकरी जाईल, परत पाठवतील. चिठ्ठी फाडली.
खराटा आता पलंगाखाली —

८ मार्च
काकू बेडोकला, बहिणीकडे. दार उघडत नाही. पानं अडलीत. हाका मारल्या, कोणी —

पानं गुडघ्यापर्यंत. भिंतीतून गवत फुटतंय. ती पलंगावर बसलीय. काळी. केसांतून धूर.
मराठीत बोलते. तिला मराठी कुठे —
“मागची बाजू कुणी करायची होती, पोरी?”
लिहून देते म्हटलं. आत्ता. सगळं.
“लिही.”

रेषा झालीच नव्हती. फोटो दुसऱ्या घराचा. तिने काही पेटवलं नाही. मी खोटं — मीच —

तिने वाकून वाचलं. सावकाश. शेवटपर्यंत.
तरी काडी ओढ—