पोचा दिसेल असा फोटो

अण्णा, गाडी विकायची ठरली म्हणून मी या वयात फोटो काढायला शिकले. तुमच्या औरंगपुऱ्यातल्या स्टुडिओत लहानाची मोठी झाले, पण कॅमेऱ्याला हात लावायची मुभा मला नव्हती. पाकिटांवर नावं लिहायची, दोरीवर वाळलेले फोटो उतरवायचे, गिऱ्हाईक आलं की तुम्हाला डार्करूममधून हाक मारायची, एवढंच माझं काम. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं तुम्ही काढलेल्या एका फोटोबद्दल आहे, माझ्याच. तुम्ही होतात तोवर ते विचारायचं धाडस झालं नाही, आणि तुम्ही गेल्यावर मी ते विसरले आहे असं स्वतःला सांगत राहिले. गाडीनं ते पुन्हा वर काढलं.

गाडी म्हणजे आमची गडद निळी, छोटी. वाळूजच्या एका कंपनीच्या ऑफिसात मी नोकरीला होते तेव्हा घेतलेली. चालवायची मीच, आमचे हे शेजारी बसून रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याची मला आगाऊ सूचना द्यायचे. आता माझे गुडघे क्लच दाबायला नाही म्हणतात आणि ह्यांनी स्टिअरिंगला कधी हातच लावला नाही. लेक पुण्याहून म्हणाली, "आई, चार बरे फोटो काढून पाठव, मी इंटरनेटवर जाहिरात टाकते." तिनं तिचा जुना डिजिटल कॅमेराही पाठवून दिला. मी भर दुपारी सोसायटीच्या आवारात उभी राहून फोटो काढले आणि पाठवले. तिचा फोन आला, "आई, यात आपली गाडी कुठली?" बघितलं तर खरंच, चार स्कूटर, एक पाण्याचं पिंप आणि शेजारणीची वाळत घातलेली गोधडी यांच्यामागं आमची गाडी कुठंतरी होती. फोटोग्राफरची मुलगी म्हणून मला त्या दिवशी फार अपमान वाटला.

मग मी ईर्षेला पेटले. रोज संध्याकाळी गाडी बाहेर काढायची, गुडघे कुरकुरले तरी हळूहळू चालवायची, कुठंतरी मोकळ्यावर उभी करायची आणि तिच्याभोवती घिरट्या घालायच्या. गाडी हे शिकायला फार सोयीचं गिऱ्हाईक आहे, अण्णा. ती पापण्या मिटत नाही, पदर सावरत नाही, "झालं का?" म्हणून विचारत नाही. आणि या कॅमेऱ्यात फिल्म वाया जायची भीती नाही, नको तो फोटो बटण दाबून पुसून टाकायचा. तुम्हाला हे आवडलं नसतं. तुम्ही बटण दाबायच्या आधी इतका वेळ घ्यायचात की बसलेल्या माणसाला घाम फुटायचा.

एक मोठी अडचण पाण्याची. पाऊस झालाच नव्हता, सोसायटीला टँकर यायचा, आणि त्याच्या पाण्यानं गाडी धुतली असती तर जिन्यात तोंड दाखवायची सोय उरली नसती. त्यामुळं गाडीवर धुळीचा थर. ह्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यानं एक दार चकचकीत पुसलं, आणि फोटो काढला तर त्या दारात मीच: कंबरेवर हात, तोंडासमोर कॅमेरा, मागं विजेचा खांब. धुळीनं माखलेल्या दारात मात्र असं काही दिसत नव्हतं, त्याचा निळा रंग शांत यायचा. मी ह्यांच्याकडून फडकं काढून घेतलं. दुष्काळाचा एवढा फायदा मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

असं एकेक कळत गेलं. फार जवळून काढला की गाडीचं नाक मोठं येतं, म्हणून लांब जायचं आणि तिथून झूम करून ती जवळ आणायची. हे मला येत होतं असं शिकताना लक्षात आलं. मोठ्या नाकाच्या मुलींना तुम्ही भिंतीला पाठ लावून बसवायचात आणि कॅमेरा पार दारापर्यंत मागं न्यायचात, ते मी पाकिटांवर नावं लिहिता लिहिता बघितलेलं. दौलताबादच्या रस्त्यावर वडाखाली गाडी लावली तर अंगभर कवडसे पडले, गाडी कोड फुटल्यासारखी दिसली. ह्यांनीच सुचवलं की बिडकीनकडं चल. ह्यांचं गाव त्या बाजूचं. तिथं आता कारखान्यांसाठी आखलेले रुंद सिमेंटचे रस्ते आहेत, दिव्यांचे खांब आहेत, आणि अजून कारखाने मात्र फारसे नाहीत. एवढा मोठा मोकळा स्टुडिओ तुम्ही स्वप्नातही पाहिला नसेल. हे घडीची खुर्ची टाकून रस्त्याच्या कडेला पेपर वाचत बसायचे आणि मधेच हात करून सांगायचे, "हितं आमच्या काकाचं रान होतं. मोसंबीचं." मी म्हणायची, "हात खाली घ्या, फोटोत येतोय."

तिथंच तो पोचा माझ्या डोक्यात बसला. ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या दाराला सोसायटीच्या फाटकात टँकर घासून गेला होता, त्याचा हा पोचा. दुपारी तो दिसतही नाही. पण सूर्य कलला आणि उजेड आडवा आला की त्याची कड उठून दिसते, सगळ्या गाडीत दुसरं काही दिसत नाही. म्हणजे पोचा दाखवायचा की नाही हे माझ्या हातात होतं. नुसतं गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभं राहिलं की गाडी नवीकोरी. मी तशी उभी राहिले. बटण दाबायला बोट टेकवलं, आणि माझ्या हनुवटीला तुमचा हात लागला. म्हणजे लागल्यासारखं झालं. मला अशा गोष्टींचा नाद नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

बहात्तरचा दुष्काळ होता तो. मी नुकतीच बी. ए. झाले होते. स्थळाला पाठवायचे फोटो ही तुमची खासियत. शहरातल्या निम्म्या मुलींची लग्नं तुमच्या उजेडानं जमवली, असं आई म्हणायची. तिरळ्या डोळ्याची मुलगी तुम्ही अशी बसवायचात की ती खिडकीबाहेर काहीतरी छान बघते आहे असं वाटावं. पुढं आलेले दात असले तर, "बाळ, ओठ मिटून हस, जास्त शोभतं तुला." रात्री जेवण झालं की निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं मुरमं, देवीचे वण, काय काय बुजवत बसायचात. मी शेजारी बसून टोक करून द्यायची. त्यामुळं माझी पाळी आली तेव्हा मला काळजीच नव्हती. लहानपणी उकळतं दूध सांडलं त्याचा डाग माझ्या डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत. पण माझा बाप कोण होता! आईची जांभळी साडी नेसून मी स्टुलावर बसले आणि आपणहून चेहरा वळवला, उजवा गाल पुढं येईल असा. एवढं तर मी शिकलेच होते.

तुम्ही कॅमेऱ्यावरच्या काळ्या पडद्याबाहेर आलात, माझी हनुवटी धरलीत आणि चेहरा सरळ केलात. मग दिवा उचलून डाव्या बाजूला नेलात. "अण्णा, डाग दिसेल," मी म्हणाले. "दिसू दे. मान हलवू नकोस." एवढंच. फोटो काढलात. पेन्सिल लावली नाहीत. फोटो बघून आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "जगाच्या पोरी सजवल्या तुम्ही, अन् घरचीला अशी उघडी पाडली!" तुम्ही पानावरून मान वर न करता म्हणालात, "येणाऱ्यानं बघून यावं. माझ्या दारातून कुणी परत गेलेलं मला चालायचं नाही." आणि आमटी मागितलीत.

फोटो जायचे आणि परत यायचे. पत्रिका जुळत नाही, म्हणायचे सगळे. इतक्या पत्रिका न जुळणारी मुलगी मराठवाड्यात दुसरी नसेल. मला राग नकारांचा नव्हता, अण्णा. मी नोकरी धरली, माझं बरं चाललं होतं. मला एकच खुपायचं: ज्या माणसाला कुठल्याही चेहऱ्यात काहीतरी चांगलं दिसायचं, त्यानं माझ्याकडं काचेतून बघितलं तेव्हा त्याला डागच दिसला का? तुमच्या डोळ्यांना मी कशी दिसत होते, हे मला कधी कळलं नाही. तेवढंच विचारायचं होतं.

चार वर्षांनी ह्यांचं स्थळ आलं आणि जमलं. तेव्हापासून मी मनाशी धरून चालले होते की शेवटी तुमचंच खरं ठरलं. हा माणूस डाग बघून आला, म्हणून राहिला. त्या संध्याकाळी बिडकीनच्या त्या रिकाम्या रस्त्यावर, कॅमेरा गळ्यात तसाच लटकत असताना, मी ह्यांना पहिल्यांदा विचारलं. "अहो, माझा फोटो पाहिलात तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

ह्यांनी पेपर खाली घेतला. "कोन्ता फोटो?"

"स्थळाचा. अण्णांनी काढलेला."

"त्यो व्हय!" हे हसायला लागले. "त्यात काय दिसत व्हतं? पार पिवळा पडलेला. साडी दिसायची, केस दिसायचे, तोंडाच्या जागी नुसता उजेड. आई म्हनली, फोटोवाल्याची पोरगी अन् फोटो असा कसा? मी म्हनलं, चला, जाऊन बघू."

मी सिमेंटवरच बसले. मग मला ते बहात्तरचं पाणी आठवलं. फोटो नीट टिकायचा तर औषधातून काढल्यावर वाहत्या पाण्यात बराच वेळ धुवावा लागतो, आणि त्या वर्षी मागच्या आडाचा तळ दिसत होता. तुम्ही एका बादलीतून दुसऱ्या बादलीत फोटो बुडवून भागवायचात. गिऱ्हाइकांना स्वच्छ सांगायचात, "हे पिवळे पडतील. पाऊस पडला की घेऊन या, पुन्हा धुऊन देतो." माझे मात्र पुन्हा धुवायचे राहिले. ते पाकिटांतून गावोगाव फिरत होते.

"मग डाग कधी दिसला तुम्हाला?" मी विचारलं.

"तू पोहे घेऊन आलीस तवा."

"आणि?"

"आनि काय? तू आल्या आल्या माझ्या भावाला म्हनलीस, खुर्ची मोडकी हाय, जपून बसा. तरी त्यो पडलाच, पर तू काय हसली नाहीस. मला लई हसू आलं." हे खुर्ची घडी करू लागले. "डाग दिसला की. न दिसायला मी काय आंधळा हाय? चल आता, अंधार पडायच्या आत शहरात शिरू. तू त्या पोच्याचा फोटो काढनार हायस का नाय?"

तर असं आहे, अण्णा. ज्याची तुम्हाला भीती होती तेच झालं. माणूस न बघता आला, दारात उभा राहिला, त्यानं बघितलं, आणि तो परत गेला नाही. रागवू की हसू, ते मला गाडी चालवत घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही. ह्यांनी खड्डे सांगितले, मी हूं हूं करत राहिले.

जाहिरातीला मी पोच्याचाच फोटो पाठवला, सगळ्यात वर, आडव्या उजेडातला. लेक म्हणाली, "आई, असं कुणी करतं का?" मी म्हणाले, येणाऱ्यानं बघून यावं. तुमचं वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की माझी मीच चपापले. बजाजनगरहून एक तरुण जोडपं आलं. त्यातली मुलगी पोच्यावरून बोट फिरवून म्हणाली, "फोटोत वाटला त्यापेक्षा बारीकच आहे की," आणि गाडीत जाऊन बसली. तेव्हा मला वाटलं, तुम्हाला माणसं चांगली कळत होती आणि तुम्ही मला वाचवायलाच तसं केलं असणार. मला कुणी तोंडावर नाकारताना बघणं तुम्हाला सोसलं नसतं. हे मी आता मानते. कागदावर लिहून मानते, पाठवायचा पत्ता नसला तरी.

पण त्या संध्याकाळी बिडकीनहून निघण्याआधी मी दुसऱ्या बाजूनंही एक फोटो काढला होता. मावळतीचा उजेड, निळं दार, त्यावर सारखी बसलेली धूळ. माझ्या हातून निघालेला पहिला चांगला फोटो. तो मी लेकीला पाठवला नाही, जाहिरातीत टाकला नाही. काय लपवलंय ते मला माहीत आहे, तरी बघायला बरं वाटतं. अण्णा, तुम्ही तो स्थळाचा फोटो काढलात ते बरोबरच केलंत. पण त्याच दिवशी, मी स्टुलावर बसलेलीच होते, साडी नेसलेली होती, दिवे लागलेले होते. एक दुसराही काढायचा होतात. उजवीकडून. मी तो कुणालाही दाखवला नसता.