डाव्या पायाचा ठोका

७ डिसेंबर, शनि.
अनू आली. वीर स्टेशनला उतरून रिक्षाने, मांडीवर खोका. मला वाटलं, लेकीने बापाला खाऊ आणला. उचलायला गेलो तर लोखंड!
"बाबा, तुमच्या डाव्या पायासाठी आहे."
अर्धांगाचा झटका येऊन गेल्याला आठ महिने. हात सुटला, जीभ सुटली (जरा जास्तच, इति सौ.), पाय मात्र अजून फरशी झाडत मागून येतो. व्यायामाचं नाव काढलं की मला झोप येते, हे पोरीला ठाऊक. तिचा कॉलेजातला इलेक्ट्रॉनिक ड्रम मागच्या खोलीत चादरीखाली पडून आहे. त्याला आता जोडपेडल. दोन पायांना दोन पेडल, मधे दांडा, आणि समोर एकाच पॅडवर दोन मोगऱ्या.
सौ. : "त्र्याहत्तराव्या वर्षी हेच राहिलं होतं." चादर मात्र तिनेच ओढली.

८, रवि.
जोडणी. अनू फरशीवर, मी स्टुलावर, चावी सांभाळत. पॅड बशीएवढं. उजवी मोगरी मधोमध बसली, डावी कडेवरून घसरायची. पॅड बोटभर सरकवलं, दोघींना सारखी जागा.
उजवा मारला. धम्. आवाजाच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकला.
डावा मारला. मोगरी गेली, टेकली, परत आली. ना आवाज, ना दिवा. दहादा मारला.
अनू म्हणाली, "फार हलका लागतोय. डब्याला तो ठोका वाटतच नाही."
संध्याकाळी गेली. २९ला येणार. "तोवर डाव्याचा एक तरी ठोका ऐकवा बाबा."

१०, मंगळ.
गणपत आला पोलादपूरहून. शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे मी मास्तर झालो, तो एसटीचा ड्रायव्हर. सारा जन्म महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या वळणांत.
"पेडल हाय ना? मग माझ्यावर सोड." चावी घेतली आणि स्प्रिंग आवळत सुटला. "ढिला क्लच म्हंजे घाटात मरण, मास्तर!"
आता उजव्यालाही घाम फुटला. डावा तर जागचा हलेना. दोघे आळीपाळीने पाऊल रोवून बसलो.
सौ. चहा घेऊन आली. "भावोजी, ह्यांना महाबळेश्वरला नाही जायचंय."
खूप दिवसांनी पोट धरून हसलो.

११, बुध.
स्प्रिंग सैल केली. अर्धा आटा, पुन्हा अर्धा. इतकी, की नुसत्या पावलाच्या वजनाने मोगरी झुलते. झुलणारी वस्तू दिसली की मी कामातून गेलो. पोलादपूरची शाळा दिसायला लागली. गुरुजी बाकावर बोटांनी वृत्त वाजवायचे. भुजंगप्रयात आलं की सगळा वर्ग डुलायचा. लघु गुरु गुरु, लघु गुरु गुरु, चार वेळा की झाली ओळ. बाहेर पेरूच्या झाडावर...
ठरवलं. पायांनी भुजंगप्रयात वाजवायचं. लघु डाव्याला, गुरु दोन्ही उजव्याला. आजारी माणसाला हलकं काम.

१४, शनि.
वाजला!! सकाळी साडेदहाला. डावा-उजवा एकेकदा मारला आणि दिवा दोनदा लागला, स्पष्ट. सौ.ला हाक मारली, अनूला फोन केला. दुपारी शिरा. सौ.ने बेदाणे सढळ हाताने घातले.

१५, रवि.
नव्हता वाजला.
अनूने फोनवर सांगितलं, "डावा पाय वर धरा आणि नुसता उजवा मारा." मारला. धम्-धम्. हलका ठोका पकडावा म्हणून डब्याचं बटण मीच वाढवत नेलं होतं, पार शेवटापर्यंत. तो एकाच ठोक्याचे दोन मोजत होता. काल शिरा खाल्ला तो उजव्याच्या नावाने.
मागच्या खोलीत गेलो नाही. सौ.ने उरलेला शिरा गरम करून पुढे ठेवला. ते जास्त लागलं.

१७, मंगळ.
गणपतला सगळं सांगितलं. वृत्तही वाजवून दाखवलं. तो पायांकडे बघत राहिला.
"डाव्याला एक नि उजव्याला दोन?"
"तो अधू आहे रे."
"म्हणून त्याला बाजूला बसवतोस? मला पण गुरुजी असंच म्हनायचे. गणपत्या, तू ऱ्हाऊ दे. आजपतुर मला एक कविता येत नाय ती त्यामुळंच."
चाळीस वर्षांत मीही वर्गात किती जणांना "राहू दे" म्हटलं असेन. मायेनेच म्हटलं, पण...
तो गेल्यावर कामं बदलली. लघु उजव्याला, दोन्ही गुरु डाव्याला.

२१, शनि.
चार दिवस नुसती खुडबुड. बटण खाली आणलं. उजव्याचा एक ठोका आता एकच. डावी मोगरी जास्त मागे कलती करून आवळली, लांबून आली की जोर धरते. आणि पॅड सरकवून डावीला मधोमध जागा दिली. उजवी गेली कडेला. तिचं काय, ती कुठूनही वाजते.
उजवा. डावा, काही नाही. डावा...
धम्.
विश्वास नाही ठेवला. उजवा पाय उचलून स्टुलाच्या दांडीवर अडकवला. एकटा डावा मारला.
धम्. दिवा!
या वेळी हाक मारली नाही. धीर झाला नाही. स्वयंपाकघरातून आवाज आला, "डावा होता का हो?"
"होता."
"थांबा मग. गॅस बंद करून येते."

२६, गुरु.
एका ओळीत डाव्याचे आठ ठोके. काल तीन लागले, आज पाच. पाचवा लागला तेव्हा गणपत उठून नाचला. कपबशी गेली एक. सौ. रागावली नाही. नवल!

२९, रवि.
अनू आली. पाणीसुद्धा न घेता मागच्या खोलीत. "मी डोळे मिटते. पायांकडे बघितलं की मन फितूर होतं, न लागलेला ठोकाही मोजतं." गणपत दाराशी, सौ. ओल्या हाताने. पूर्ण ओळ वाजवली, न थांबता.
अनू म्हणते सात. सौ. म्हणते आठच्या आठ. गणपत म्हणतो, सहा, पण साधे नाय.
मी मोजलेच नाहीत. वाजवत होतो.
चहा झाला की पुन्हा वाजवायचं ठरलंय.