'मुलांची शाळा' म्हणजे नक्की कुणाची?

मळमड्डी, धारवाड
ज्येष्ठ वद्य पंचमी, रविवार

ती. स्व. अक्काच्या चरणी (दुखऱ्या गुडघ्यांना धक्का न लावता) धाकट्या वादीचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेलं तेल लावतेस, की देवघराच्या कोनाड्यात ठेवून त्यालाही रोज फूल वाहतेस? चि. सुधींद्र आणि सूनबाई तुझी काळजी घेत असतीलच (तू घेऊ देत असलीस तर). फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस. शिवाय ही हकीकत 'बरं, ठेवते' म्हणून मध्येच तोडण्यासारखी नाही. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणशील तर गेले तीन आठवडे आमच्या सुमंतची बायको माझ्याशी फक्त कन्नडमधून बोलते आहे. दीपश्री घरात कन्नडवर आली की समोरचा माणूस आरोपी आहे असं समजावं. वकील सून आणताना तूच म्हणाली होतीस, 'वादी, नावातच वादी आहेस, आता घरात वकील आली, तुझं कल्याण झालं.' झालंच ते.

प्रकरण आपल्या शाळेचं आहे. आपण दोघं जात होतो तीच, रेल्वे फाटकापलीकडची सरकारी शाळा. पुढं दगडी इमारतीत मुलांचे वर्ग आणि मागं चिंचेकडच्या अंगाला मुलींचे, हे तुला आठवत असेल. साठ वर्षांत राज्याचं नाव बदललं, शाळेचं माध्यम मराठीचं कन्नड झालं, हुबळीपर्यंत सगळा रस्ता घरांनी भरला, पण ही मांडणी काही हलली नाही. मागची कौलं जाऊन पत्रे आले एवढीच प्रगती. प्रयोगशाळा दगडी इमारतीत, म्हणजे मुलांची. मुलींना महिन्यातून एका शनिवारी दारात उभं राहून बघायची मुभा. भारती म्हणून एक मुलगी आहे, अळणावरकडच्या खेड्यातून सकाळच्या गाडीनं येते. बाप महादेव लाकडाच्या वखारीत कामाला. या मुलीनं गेल्या साली नववीत असताना बर्नरची आकृती अकरा वेळा काढली, ज्योतीला बाहेरून पिवळा आणि आतून निळा रंग दिला, दहापैकी दहा घेतले. पण खरा बर्नर एकदाही हातात धरला नाही. यंदा ती दहावीला आहे. तिला पुढं सायन्सला जायचं आहे आणि वर्ष तर सुरू झालं.

महादेव हेडमास्तरांकडे गेला. ते भले गृहस्थ, पण त्यांनी कपाटातून एक जुना कागद काढून दाखवला. १९३८ साली ही जागा आणि इमारत ज्या रावसाहेबांनी दिली त्यांचं मराठी दानपत्र. त्यात लिहिलंय, 'सदरहू इमारत मुलांच्या शाळेकरितां कायमची दिली असे.' अट मोडली तर जागा त्यांच्या वारसांकडे परत जायची. झालं, मुलांची म्हणजे मुलांची, मुलींना आत बसवता येत नाही. महादेव तिथून निघाला तो दीपश्रीकडे आला, आणि तिनं इथल्या हायकोर्टाच्या पीठापुढं अर्ज घातला: सरकारी शाळेत भिंत घालून वर्ग वेगळे करायचे असतील तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखं द्या, आणि ते जमत नसेल तर भिंत काढा. शाळेच्या समितीवर आपला बाळाचार्य आहे (तोच, लहानपणी तुझ्या अंगावर पाल टाकून पळालेला; आता कपाळावर एवढा मोठा अंगारा लावतो). त्याचं म्हणणं, वेगळा वर्ग आहे म्हणून खेड्यातले बाप मुली पाठवतात, एकत्र केलंत की सगळ्या घरी बसतील. मला ते पटलंही होतं. तर महादेव आमच्या व्हरांड्यात उंबऱ्याशी टेकून म्हणाला, "सर, दोन तास रेल्वेतनं सगळ्या गड्यामाणसांत बसूनच येतीया की पोरगी. वर्गात येऊन मग तिला काय हुनार हाय?" 

आता माझा पराक्रम ऐक. कोर्टात दानपत्राचं इंग्रजी भाषांतर द्यायचं होतं. बाळाचार्य एका संध्याकाळी तो कागद घेऊन माझ्याकडे आला. कशासाठी हवंय हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण तो येताना चुरमुऱ्यांचं गिरमिट घेऊन आला होता. (कांदा वेगळा बांधून आणलेलं, तुला आवडतं तसं.) चौतीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस मी, शब्दकोश उघडायचा म्हणजे अपमान. 'मुलांच्या शाळेकरितां' पाशी आलो आणि डोळ्यांपुढं आपल्या शाळेच्या त्या दोन पाट्या आल्या: पुढं 'मुलांची शाळा', मागं 'मुलींची शाळा'. हात न थांबवता लिहून टाकलं: 'बॉईज स्कूल'. खाली सही केली, हुद्दा लिहिला, 'निवृत्त' हा शब्द जरा बारीक काढला आणि उरलेलं गिरमिट खाल्लं.

पंधरा दिवसांनी सरकारी बाजूनं तेच भाषांतर दाखल झालं. दीपश्री कोर्टातून आली, चप्पल काढली, पाणी प्यायली आणि माझ्यापुढं कागद धरला. आवाज चढला नाही. नुसतं विचारलं, "मामंजी, चौतीस वर्षं वर्गात जाऊन तुम्ही म्हणायचात, 'मुलांनो, पुस्तकं काढा.' तेव्हा मुली काय करायच्या, हात बांधून बसायच्या?" अक्का, तिचं बरोबरच होतं. आपल्या भाषेत 'मूल'चं अनेकवचन मुलं आणि पाच मुलगे बाकावर बसले तरी ती मुलंच. बायको बाळंत झाली की 'मूल झालं', मग 'मुलगा की मुलगी' हे वेगळं विचारायला लागतं. कन्नडमध्ये बघ, मुलगे ते गंडु मक्कळु, मुली त्या हेण्णु मक्कळु, सगळं सरळ. आपण मराठी माणसांनीच हा घोळ करून ठेवलाय आणि त्यावर शंभर मुलींची शाळा टांगली. तेव्हापासून घरात कन्नड चालू आहे. तुझी भावजय सीता मला वाढताना भाताचं भांडं जरा जोरात ठेवते. सुमंतला विद्यानगरच्या कॉलेजात अचानक रोज जादा तास निघाले आहेत.

शेवटी दीपश्रीनंच न्यायमूर्तींना विनंती केली की भाषांतर करणाऱ्यालाच बोलवून विचारावं. गेलो. इस्त्रीचं धोतर, काळा कोट, वर टोपी (सीता म्हणाली, 'लग्नाला चाललाय का?'). न्यायमूर्तींनी मोठ्या आदरानं विचारलं, "मेष्ट्रे, अर्थ एनु?" मास्तर, अर्थ काय? झालं, माझ्यातला मास्तर उभा राहिला. मूल, मुलगा, मुलगी, त्यांची रूपं, सामान्यरूप, विभक्ती, सगळं सांगितलं. सरकारी वकील घड्याळ बघत होते, बाळाचार्य माझ्याकडे बघत होता आणि दीपश्री कुणाकडेच बघत नव्हती. न्यायमूर्तींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले (कन्नडमध्ये, मी अर्थ लिहितो): मास्तर, शब्दाचे अर्थ दोन आहेत हे कळलं. मग लोकांनी तो कसा पाळला ते बघू. त्या इमारतीतल्या वर्गात कधीकाळी एखादी मुलगी शिकायला बसली होती का? एक जरी बसली असेल तर तुमचं 'बॉईज' तिथंच संपतं. मी म्हणालो, "नेनपिल्ला, स्वामी." आठवत नाही. त्यांनी शोध घ्यायला तीन आठवडे दिले.

दुसऱ्या दिवशी जुनी हजेरीपत्रकं बघायला शाळेत गेलो. वाळवीनं १९७० पर्यंतचं सगळं शिक्षण पूर्ण केलेलं आहे, एक पान धड नाही. शिपाई किल्ल्या घेऊन उभा होता, त्याला म्हटलं, जरा बसतो. आपल्या त्या कोपऱ्यातल्या वर्गात गेलो. बाक नवे आहेत गं, पण खिडकीचा कट्टा तोच, आपण शाई सांडलेला. सकाळी फाटक बंद असलं की तू माझा हात घट्ट धरून मालगाडीचे डबे मोजायला लावायचीस आणि माझा एखादा चुकला की पुन्हा पहिल्यापासून, मग गाडी निघून गेलेली असली तरी. उशीर झाला की पायांना लाल माती तशीच घेऊन पळायचो, तू तुझ्या मागच्या वर्गाकडे, मी पुढं. शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा, त्याचा ठणका अजून माझ्या कानात आहे. चिंचेखाली मुलींचा डबा खायचा कोपरा, तिथून तू मला खुणेनं बोलवायचीस आणि तुझ्यातली थालीपिठाची पापुद्र्याची बाजू मला द्यायचीस. मी साठ वर्षांत ते कधी कुणाला सांगितलं नाही. त्या वर्गात बसून मला रडू आलं, शिपाई बाहेर गेला म्हणून बरं. आता तिथं भारती बसायला बघते आहे आणि मी तिच्या वाटेत एक इंग्रजी शब्द टाकून ठेवला आहे. रोज दीपश्री कोर्टाकडे निघाली की मला वाटतं, स्कूटर जरा हळू चालव, माझी चूक तुझ्या मागच्या सीटवर बसलेली आहे.

असो. बाकी ठीक. यंदा आंबा कमी आला. सूनबाईस आशीर्वाद, नातवंडांना गोड पापा. लोभ आहेच, तो वाढवायला आता जागा नाही.

तुझा
वादी

ता. क. मिरजेच्या त्या तेलाची एक बाटली मलाही पाठव. कोर्टात उभं राहून गुडघे धरलेत.

ता. क. दोन. तेल राहू दे. तूच ये. 'आठवत नाही' असं मी न्यायमूर्तींपुढं म्हणालो ते खोटं होतं. त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मला आठवलं होतं. त्या वर्गात एक मुलगी बसली होती, आणि ती तू. मागच्या वर्गात बीजगणिताच्या तासाला शिवण होती म्हणून तू तुकाराम मास्तरांना जाऊन विचारलंस, आणि त्यांनी तुला दाराजवळच्या बाकावर बसवलं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बसलीस. हे सांगणारं आज कुणी हयात नाही, तू आणि मी सोडून. येत्या एकवीस तारखेला पुढची तारीख आहे. त्याआधी तुझं शपथपत्र व्हायला हवं. दीपश्रीला मी अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं.

ता. क. तीन. मग कोर्टात का बोललो नाहीस, असं तू विचारशीलच. ते लिहायलाच हे सगळं पत्र लिहिलं, वरचं बाकी निमित्त आहे. तुझं बीजगणित शिवणकामाच्या बाईंनी बंद पाडलं, असं तू आजही म्हणतेस. गेल्या दिवाळीला सुद्धा म्हणालीस. त्या बिचाऱ्या तुझे शिव्याशाप खातच गेल्या. अक्का, त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. त्या सकाळी तू मला चुलतभावापुढं एकोणीसचा पाढा म्हणायला उभं केलंस आणि मी सातव्या घराला अडखळलो, त्याचा राग. दुपारी अप्पा जेवायला बसले तेव्हा मी म्हणालो, 'अक्का मुलांच्या वर्गात बसते.' नऊ वर्षांचा होतो, पण मुलांच्या म्हणजे कुणाच्या ते मला पक्कं माहीत होतं, आणि तोच अर्थ अप्पांना कळावा म्हणून मी जोर देऊन म्हणालो. ते घास टाकून उठले. दुसऱ्या दिवसापासून तू रुमालाला दोरा घालत बसलीस. मॅट्रिक झालीस आणि लग्न करून गेलीस. तुझ्याइतकं गणित या घरात नंतर कुणाला आलं नाही, मला तर नाहीच. एकसष्ट वर्षं मी हे गिळून बसलो आहे आणि कोर्टात पुन्हा गिळलं, कारण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की ती पुढं का बसली नाही.

सुधींद्रला सांग, तिकीट आजच काढ. मी धारवाड स्टेशनवर येतो. मारायचं असेल तर तिथंच मार, लोक बघतात तर बघू देत. मग दीपश्रीबरोबर जा आणि शपथेवर लिहून दे की त्या वर्गात तू बसली होतीस. आणि तिथून तुला कुणी उठवलं असं कुणी विचारलं, तर माझं नाव सांग.