गालावरचा वळ

शुक्रवार, ता. १२

चि. ठकीस आईचे आशीर्वाद.

कपाटावर टाकलेस ना माझे लोड? धूळ खात? एकोणीस वर्षं गादी-कारखान्यात उशा शिवतेय, गिऱ्हाईक नाव काढतं, आणि पोटच्या पोरीला बाळासाठी माझ्या हातचे दोन वीतभर लोड नकोत! का, तर सासूबाई नको म्हणाल्या. त्या नर्स, त्यांचं सगळं खरं. जन्मभर सुई त्यांनीही धरली, पण टोचायला. मी शिवायला धरली, म्हणून मी अडाणी.

फोनवरच बोलले असते. पण मागून त्यांचं "कोण गं, आई का?" ऐकू येतं आणि तू लगेच साखरेसारखी बोलायला लागतेस. म्हणून हे लिहून जावयांच्या हाती देतेय. एकटी असताना वाच. अक्षर लावून घे, चौथीपुरतंच आहे.

त्यांनी भिंतीवर लावलेला तो कागद बघितला. "बाळ उलटायला लागले आहे. पाठीवरच झोपवणे. गुंडाळणे बंद. पलंगात उशी, लोड, खेळणे काही नको." घर आहे की दवाखाना? तुला मी घट्ट गुंडाळूनच वाढवली. कुठं काय झालं तुला?

आणि ढब्बू पहिल्यांदा पालथा पडला तोही त्यांच्याच समोर! तुझा फोन, "आई, सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या!" वाजवू देत. मी सुट्टीच्या दर गुरुवारी दोन बस बदलून येते, आणि माझ्यासमोर पठ्ठ्या छताकडे बघत पडून राहतो.

आता कालचं.

तू दाताच्या डॉक्टरकडे, त्या ड्यूटीवर. घरात मी आणि ढब्बू. मनात म्हटलं, त्यांच्याकडे अर्धा तास झोपतो ना, माझ्याकडे दोन तास झोपवून दाखवते. स्टुलावर चढून लोड काढले. त्याला हात आत घेऊन गुंडाळलं, कुशीवर निजवलं, पुढून एक लोड, मागून एक. झोपला. मी बाटल्या धुवायला गेले. आतून हूं का चूं नाही. बाटल्या धुताधुता तू आलीस की काय काय सुनावायचं ते जुळवत होते.

सहज डोकावले तर तो हलत होता. माझ्या डोळ्यांदेखत पालथा पडला. मला बघायचं होतं ना? बघितलं. तोंड लोडात रुतलं. आपलं आपण उचलायला हात मोकळे कुठे होते? मीच बांधलेले.

उचलला तर रडेना. किती वेळ ते मला विचारू नकोस. मग रडला.

तू आलीस, म्हणालीस, "गालावर वळ कसला गं?" मी म्हटलं, माझ्या बाहीचा. बाहीचा नव्हता. माझ्या दुहेरी शिवणीचा होता. आणि वर म्हटलं, "शहाण्यासारखा झोपला." लोड पिशवीत घालून घरी आणले. आज पहाटे उसवायला बसले. इतके पक्के शिवलेत की तास गेला.

त्याला आजच्या आज डॉक्टरला दाखव. हसतोय म्हणून सोडू नकोस. मी सांगितलं तसंच सांग, काही गाळू नकोस.

तुझ्या सासूबाईंना सांगायचं तर सांग, पण मी समोर असताना. माझ्या पाठीमागे त्यांनी मान हलवलेली मला चालायची नाही. त्यांचं बरोबर होतं. एकदाच लिहिलं, पुन्हा वदवून घेऊ नकोस.

कागद भिंतीवरून काढू नकोस. पुढच्या गुरुवारी मी त्याला पाठीवर निजवीन, पलंगात दुसरं काही ठेवणार नाही, आणि उठेपर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसेन. बाटल्या पडू देत.

त्याला एकट्या माझ्याकडे ठेवशील की नाही, ते बुधवारी संध्याकाळपर्यंत कळव. "यांना विचारते, त्यांना विचारते" नको. तुझ्या तोंडचं हो किंवा नाही. नाही असेल तरी फोन कर.

ढब्बूची गुरुवारची आजी,
तुझी आई