दुसऱ्यांदा औक्षण

बुकित पंजांग, सिंगापूर
५ जून २०१६

ती. दादास,
चित्राचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सूनबाई म्हणतात, टपालखातं आता तुम्हा भावंडांच्याच जिवावर चाललंय. म्हणू दे. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. कॉन्व्हेंटच्या नन्सनी ती सोय लहानपणीच बंद केली.

आमच्या सौमित्रच्या फुटबॉल क्लबावर टीव्हीवाले मालिका काढतायत. गेल्या वर्षी क्लब तळाला गेला. आता नवा कोच, निम्मे खेळाडू नवे, आणि हा क्लब पुन्हा उभा कसा राहतो ते वर्षभर कॅमेरा लावून टिपायचं. दर रविवारी संध्याकाळी एक भाग. पहिल्याच भागात जुन्या कॅप्टनला ऑफिसात बोलावून काढून टाकलं आणि कॅमेरा त्याच्या नाकाला टेकवला. बिचारा टोपी शोधत होता, टोपी डोक्यावरच. मी विम्यात जन्म काढला, कितीकांच्या विधवांशी टेबलापलीकडून बोलले. असं कुणाशी वागले नाही.

सौमित्रचं सांगते. लष्कराची सक्तीची नोकरी संपवून आला तेव्हा बरोबरीची पोरं कॉलेजात गेली, याने गोलकीपरचं एका वर्षाचं कंत्राट धरलं. हे वर्ष टिकलो तरच पुढे कुणी घेईल, आजी, असं तो स्वतःच म्हणतो. आईबाप दोघंही कामावर, प्रताप बोटीवर, अनघा हार्बरफ्रंटच्या ऑफिसात. नातवाची काळजी करायला रिकामी मीच. तुझ्या गार्गीला सांग, मोबाइलवर लावून देईल.

वहिनींना नमस्कार. धाकटीची आठवण ठेव.
तुझी
चित्रा

कोल्हापूर
१६ जून २०१६

चि. चित्रास,
अ. उ. आ.

गार्गीने सगळे भाग दाखवले. पोरगा उंच झालाय. हसतो मात्र आजीसारखा, म्हणजे क्वचित.

एक विचारतो, रागावू नकोस. रागावशीलच. मी पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून गोलात उभा राहायचो, ते तू विसरलीस तरी माझी वाकडी करंगळी विसरत नाही. तिसऱ्या भागात सरावाचं दृश्य आहे. कोच पुढे उभा राहून भाषण करतोय, त्याच्याकडे बघू नकोस, मागे बघ. एक नवा आडदांड गडी गोलात आहे आणि सगळे त्याच्यावर बॉल मारतायत. सौमित्र जाळीमागे बॉल गोळा करतोय. बरोबर कोण, तर मिसरूड न फुटलेली पोरं. आमच्याकडे ज्याला संघाबाहेर बसवायचं असे त्याला आधी बॉल आणायला धाडत. तोंडावर कुणी सांगत नसे. तू त्याला एकट्याला गाठून विचार.

इकडे गुडघे सोडले तर सर्व ठीक. प्रकृतीला जप, आणि जिभेलाही.
तुझा
श्रीनिवास

बुकित पंजांग
२७ जून २०१६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

करंगळी वाकडी झाली तेव्हा नजरही झाली वाटतं. विचारलं मी. तो इथल्या पोरांच्या थाटात म्हणाला, "ओके लाह, आजी." रोज सकाळी बॅग घेऊन जातो, भिजून परत येतो. काढून टाकलेला माणूस घाम गाळायला कशाला जाईल?

शिवाय ऐक. मालिकेचा दिग्दर्शक केल्विन, त्याचा आपणहून फोन आला. येत्या रविवारचा भाग सौमित्रचाच आहे, आणि घरची मंडळी तो बघत असताना त्यांना चित्रण करायचंय. वाईट बातमी असती तर लोक घरी आले असते का? मी म्हटलं, अवश्य या, पण आमच्याकडे उपाशीपोटी कुणी बसत नाही. तांबडा रस्सा करणार आहे. ब्लॉकमधली मराठी घरंही बोलावलीत. आणि भाग लागण्याआधी पोराला ओवाळणार. अनघा म्हणाली, आई, अजून काही जिंकलेला नाही तो. हिला कसलाच उत्साह नाही. सौमित्रही नको नको म्हणत होता. लाजतो.

पत्र पोचेपर्यंत रविवार होऊन गेलेला असेल, तरी गार्गीकडून तो भाग लावून घेच. आशीर्वाद तिकडूनच दे.
तुझी
चित्रा

बुकित पंजांग
४ जुलै २०१६

दादा,

तुझी नजर सरळ होती. एवढं लिहून पुढचं सांगते.

टीव्हीवाले आले, जेवले. कॅमेरावाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी रस्सा पुन्हा मागून घेतला. मला तो पोरगा आवडलाही. मग सौमित्रला पूर्वेकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. केल्विन म्हणाला, ज्योत नीट दिसली नाही, परत कराल का? मी निरांजनात नवी वात घातली आणि त्याला दुसऱ्यांदा ओवाळलं. दोन्ही वेळा त्याने मान खाली घातली होती.

भाग लागला. तेच ऑफिस, कॅप्टनची तीच खुर्ची, आणि खुर्चीत आमचा सौमित्र. कोच सांगत होता की नवा गोलकीपर घेतलाय, तुझं कंत्राट पुढे चालणार नाही. हे चित्रण मे महिन्यातलं. सौमित्र पडद्यावर म्हणाला, थँक यू, कोच. मी वळून पाहिलं तर कॅमेरा टीव्हीकडे नव्हता, माझ्याकडे होता. ते जेवायला कशासाठी आले होते ते मला तेव्हा कळलं.

त्याला म्हणे सांगितलं होतं, भाग दाखवेपर्यंत घरात बोललास तर ज्युनियर पोरांबरोबरचा सरावही बंद. घरच्यांचा धक्का ताजा हवा होता त्यांना. म्हणून तो रोज जात होता. अंग तयार राहिलं तर दुसरीकडे कुठे उभं राहता येईल, या आशेवर.

मी उठले. नन्सना अभिमान वाटेल अशा इंग्रजीत केल्विनला दार दाखवत होते, तर सौमित्रने माझा हात धरला. "आजी, बस. भाग अजून संपला नाही." मी बसले. शेवटची नावं जाईपर्यंत सगळे बसलो, कॅमेऱ्यासकट.

आज केल्विनचा निरोप आला. माझा तो चेहरा त्यांना शेवटच्या भागात घालायचाय, त्याला माझी संमती हवी. दिली तर सौमित्रने अडवलेल्या गोलांचं एक मिनिट दाखवतील. इथल्या आणि मलेशियातल्या क्लबांचे लोक बघतात म्हणे. मी म्हटलं, आधी माझं मढं दाखवा. त्यानंतर सौमित्र माझ्यासमोर जेवायलाही बसला नाही. अनघा रडली आणि कामाला गेली. प्रतापला बोटीवर कसं कळवू?

काय करू ते लिही. यावेळी ऐकेन.
चित्रा

कोल्हापूर
१४ जुलै २०१६

चि. चित्रास,
अ. उ. आ.

संमती दे.

मला त्या केल्विनला शिवाजी स्टेडियमच्या मातीत लोळवावंसं वाटतं, ते वेगळं. पण बाई, तुझा अपमान होऊन गेला. तो आता लोकांनी पाहिला काय आणि नाही पाहिला काय. गोलकीपरला एरवी कुणी बघत नाही, गोल खाल्ला की सारं मैदान बघतं. पोराला गोल खाताना सगळ्यांनी पाहिलंय, एक मिनिट अडवतानाही दिसू दे. त्यातून एक जरी माणूस उठून त्याचा नंबर मागेल, तर तुझा चेहरा कामी आला.

त्याला माझा आशीर्वाद सांग. तू जेवत जा. काळजी आम्हालाही आहे.
तुझा
श्रीनिवास

बुकित पंजांग
१७ ऑक्टोबर २०१६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शेवटचा भाग तू पाहिलाच असशील, तरी माझ्याकडून ऐक. क्लब मधल्या कुठल्याशा जागी आला, म्हणजे उभा राहिला असं ठरलं. माझा चेहरा दाखवला, मागे व्हायोलिन लावून, संथ करून. हातात निरांजन, मग पडदा, मग तोंड उघडं पडलेली म्हातारी. सौमित्रने अडवलेला एकही बॉल दाखवला नाही. वेळ पुरला नाही म्हणे. केल्विनने मला फुलं पाठवली. ती मी कचऱ्याच्या झडपेतून खाली सोडली.

कुठल्याच क्लबाचा फोन आला नाही. एक तारखेपासून सौमित्र जुरोंग आयलंडवर एका कंत्राटदाराकडे स्टोअर सांभाळतो. गळ्यात पास, कंपनीची बस. बूट आणि ग्लोव्हज त्याने ब्लॉकमधल्या कुणाला देऊन टाकले, मला न विचारता. तू लिहिलंस ते चुकलं असं मी म्हणत नाही. तू संमती द्यायला सांगितलंस ते त्याच्यासाठीच.

काल त्याला सुट्टी होती, म्हणून आम्ही खालच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांवर, जेवायला गेलो. तो ट्रे घेऊन येत होता, तेवढ्यात एक बाई माझ्यापाशी आली. चांगली शिकलेली वाटली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, आंटी, तुम्हाला बघून मी किती रडले. माझ्याबरोबर फोटो हवा होता. तिने सौमित्रच्या हातातला ट्रे खाली ठेवायला लावला आणि आपला फोन त्याच्या हाती दिला. त्याने आम्हा दोघींचा फोटो काढला, नीट, उजेड बघून.

मग तिने विचारलं, तुमचा तो नातू, बिचारा, आता कसा आहे?

मी तोंड उघडणार होते. तू मला ओळखतोस. सौमित्रने माझ्याकडे एकदा पाहिलं.

"बरा आहे तो," असं तिला म्हणाला, आणि फोन परत केला.

या बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.
तुझी
चित्रा